डबा भरला, तरी आंबा किडका: २०१४ ची युरोपबंदी, फळमाशी आणि दापोलीचा रक्षक सापळा

२६ मार्च २०१४ रोजी युरोपीय संघाच्या वनस्पती आरोग्य समितीने भारतातून येणाऱ्या पाच मालांवर बंदी घालायचं ठरवलं. आंबा, वांगी, अळू, कारली आणि पडवळ. अंमल १ मेपासून, मुदत डिसेंबर २०१५ पर्यंत. कारण थेट होतं: २०१३ या एका वर्षात भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांमध्ये फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. युरोपात जाणाऱ्या भारतीय ताज्या फळं-भाज्यांत या पाच मालांचा वाटा पाच टक्क्यांहूनही कमी. पण त्यात आंबा होता, आणि तारीख १ मे होती. रत्नागिरी-देवगडात त्या दिवशी आंबा उतरवायची घाई शिगेला असते.

बातम्यांत गाजला तो लंडनचा भाग. लेस्टरचे खासदार कीथ व्हाझ आंब्याची पेटी घेऊन पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांच्या दारी गेले. इकडे आपल्या वाहिन्यांवर ‘हापूसचा अपमान’ वगैरे सुरू झालं. अपमान कसला? पेटीत अळी निघाली होती.

ती अळी पेटीत येऊ नये यासाठी काय करायचं, हे कोकणातल्या कृषी विद्यापीठाला बंदीच्या आधीच माहीत होतं. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘रक्षक’ नावाचा फळमाशी सापळा तयार करून त्याची शिफारस केलेली होती. पडलेली फळं गोळा करा, फळांना कागदी पिशव्या घाला, फळ वेळेत उतरवा, हेही सांगून झालं होतं. मग उपाय ठाऊक असूनही अळी लंडनपर्यंत गेली कशी? विद्यापीठाचं विस्तारकार्य, म्हणजे संशोधन शेतकऱ्यापर्यंत नेण्याचं काम, कुठे पोहोचतं आणि कुठे अडतं, हे समजून घ्यायला याहून चांगलं प्रकरण मला तरी सापडलेलं नाही.

माशी काय करते

आंब्यावरची ही फळमाशी, बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस, घरमाशीएवढीच असते. पिवळसर-तपकिरी, कंबरेशी निमुळती, लांबून गांधीलमाशीचा भास देणारी. मादी तयार होत आलेल्या फळाच्या सालीत सुईसारखी नळी खुपसून आत अंडी घालते. टोचलेली जागा इतकी बारीक असते की फळ उतरवताना, निवडताना, पेटी भरतानाही ती नजरेत भरत नाही. दोन-तीन दिवसांत अंड्यातून अळी निघते, आठवडाभर गर खाते, मग फळातून बाहेर उडी घेऊन मातीत शिरते आणि तिथे कोष करते. आठ-दहा दिवसांनी त्या मातीतून नवी माशी वर येते.

निर्यातीतली अडचण याच वेळापत्रकात आहे. हापूस हिरवा, कडक असतानाच उतरवतात. कोकणातले लोक ‘चौदा आणे’ तयार फळ म्हणतात ते हेच. विद्यापीठाच्या भाषेत ८० ते ८५ टक्के पक्वता. फळात अंडी असली तरी त्या दिवशी ते निर्दोषच दिसतं. वाशीत ते भरलं जातं, विमानात चढतं, वाटेत पिकतं आणि तिकडच्या तपासनिसाने कापलं की आत अळी वळवळत असते. बागायतदाराने फसवलेलं नसतं, व्यापाऱ्यानेही नसतं. दोघांच्या डोळ्यांना ते दिसणंच शक्य नव्हतं.

आणखी एक गोष्ट कोकणात सगळ्यांना माहीत असते. मार्चमध्ये, एप्रिलच्या सुरुवातीला उतरणारा आंबा बहुतेक वाचतो. हवेत दमटपणा वाढला, वळवाची एखादी सर आली की माशी वाढते आणि मे महिन्यातला आंबा तिच्या तावडीत सापडतो. म्हणजे माशीचा जोर आणि बागायतदाराचा उत्साह यांचा मेळ उलटा आहे. मार्चमध्ये पेटीला चांगला भाव असतो तेव्हा माशी कमी, आणि माशी जास्त असते तेव्हा भाव उतरलेला. हे पुढे पुन्हा लागेल.

दापोलीचं काम आणि कृषी खात्याचं काम

कोकण कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी सुरू झालं. महाराष्ट्रातल्या चार कृषी विद्यापीठांपैकी हे एक. बाकीची राहुरी, अकोला आणि परभणीला. आपल्याकडची कृषी विद्यापीठं अमेरिकेतल्या ‘लँड ग्रँट’ विद्यापीठांवर बेतलेली आहेत. पहिलं १९६० साली पंतनगरला झालं, त्याला इलिनॉय विद्यापीठाचा हात होता. शिक्षण, संशोधन आणि विस्तार अशी तीन कामं एकाच छपराखाली, हा त्यामागचा विचार.

एक महत्त्वाचा फरक मात्र राहून गेला. अमेरिकेत जिल्ह्याजिल्ह्यात बसणारा विस्तार कर्मचारी विद्यापीठाचाच माणूस असतो. एखाद्या बाईने परसातलं किडकं टोमॅटो त्याच्या टेबलावर आणून ठेवलं की तिचा प्रश्न थेट विद्यापीठातच पोहोचतो. आपल्याकडे गावपातळीवरचा विस्तार राज्याच्या कृषी खात्याकडे आहे. गावात जातो तो कृषी सहायक (२०२५ पासून ‘सहायक कृषी अधिकारी’), आणि तो खात्याचा. विद्यापीठाच्या वाट्याला येतं ते पहिल्या फळीचं काम: नवी शिफारस तयार करणं, ती खात्याच्या लोकांना समजावणं, काही बागांत प्रात्यक्षिक घेऊन दाखवणं. त्यासाठी कृषी विज्ञान केंद्रं आहेत. एका केंद्राचा मंजूर आकृतिबंध सोळा माणसांचा, त्यांत विषय विशेषज्ञ सहा. फळबाग, पीक संरक्षण, गृहविज्ञान असे विषय त्यांच्यात वाटलेले. रत्नागिरी जिल्ह्यात गावं सुमारे दीड हजार. तेव्हा ‘शास्त्रज्ञ बागेत येत नाहीत’ ही तक्रार करण्याआधी हा भागाकार करून पाहावा.

शिफारस हा शब्दही इथे सैल अर्थाने वापरलेला नाही. विद्यापीठातल्या एखाद्याला सापळा चांगला वाटला म्हणून त्याची शिफारस होत नाही. काही वर्षांच्या चाचण्या घेऊन ती चारही विद्यापीठांच्या संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीपुढे जाते. ‘जॉइंट अॅग्रेस्को’ म्हणतात ती हीच. तिथे इतर विद्यापीठांतले लोक तिला छिद्रं पाडतात. त्यातून जी तगते तीच पुस्तिकेत, कृषी हवामान पत्रकात आणि कृषी सहायकाच्या तोंडी येते. त्यामुळे शिफारशीवर विश्वास ठेवायला हरकत नसते. तिची भाषा मात्र ‘हेक्टरी इतके’ अशीच राहते. रक्षक सापळ्याची शिफारस हेक्टरी चार. एका बागायतदाराला, त्याच्या एका बागेसाठी, तोलून-मापून दिलेला सल्ला. फळमाशीला बागेचे बांध कळत नाहीत, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते.

डब्यातलं रसायन

सापळा दिसायला साधा आहे. प्लास्टिकचा डबा, आत मिथिल युजेनॉल लावलेलं आमिष, माशीला आत शिरता येईल पण बाहेर पडता येणार नाही अशी रचना. माणसाच्या उंचीला फांदीवर टांगायचा. दुसऱ्या दिवशी तळाशी माशांचा थर दिसतो आणि बागायतदार खूश होतो.

मिथिल युजेनॉलची गोष्ट आपल्याच देशात सुरू झाली, हे फारसं कुणी सांगत नाही. बिहारमधल्या पुसा इथल्या शेती संशोधन संस्थेत एफ. एम. हाउलेट हे कीटकशास्त्रज्ञ होते. सिट्रोनेला तेलाकडे फळमाश्या झुंडीने येतात, हे त्यांनी १९१२ मध्ये नोंदवलं. १९१५ मध्ये त्या तेलातला नेमका कोणता घटक माशीला ओढतो ते शोधलं आणि मिथिल युजेनॉल हाती लागलं. आपल्या तुळशीतही ते असतं. तुळशीवर फळमाश्या बसलेल्या दिसतात त्या त्यामुळेच.

पण या वासाला भुलतात ते फक्त नर. सगळ्या प्रकरणाची मेख इथे आहे, आणि गावोगावच्या मेळाव्यांत सगळ्यांत कमी समजावली जाणारी गोष्टही हीच असावी असं मला वाटतं. डब्यात पडलेली प्रत्येक माशी नर असते. फळाला टोचणारी मादी डब्याकडे फिरकतही नाही. नर मारून उपयोग तेव्हाच, जेव्हा इतके नर मरतील की माद्यांना जोडीदार मिळणार नाही आणि त्यांची अंडी वांझ राहतील. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे निम्मे नर मारून काहीच पदरात पडत नाही. जवळजवळ सगळे मारावे लागतात. त्यातून शेजारच्या बागेत मिलन झालेली मादी उडत आली, तर तुमच्या डब्यात कितीही नर मेलेले असोत, ती तुमच्या आंब्यात अंडी घालणारच.

देवगडकडे ऐकू येणारी तक्रार अशी असते: ‘डबो भरलो, तरी आंबो किडलोच.’ यात बागायतदाराची समजूत चुकलेली नाही, त्याला मिळालेलं स्पष्टीकरण अपुरं आहे. भरलेला डबा म्हणजे माशी संपली असं नव्हे. आजूबाजूला माशी भरपूर आहे, इतकंच तो सांगतो. सापळ्याचा पहिला उपयोग मोजणीचा. आठवड्यात किती माश्या पडल्या, संख्या चढती आहे की उतरती, यावरून काढणी घाईने करायची की नाही, पुढचा उपाय कधी करायचा, हे ठरवता येतं. राज्यात २०११-१२ पासून ‘हॉर्टसॅप’ हा फळपिकांवरच्या किडींच्या सर्वेक्षणाचा प्रकल्प चालतो, त्याचा गाभाच हा: निवडक बागांत ठरावीक दिवशी मोजणी, तो आकडा वर, आणि विद्यापीठाच्या तज्ज्ञांकडून सल्ला खाली. पण बागेत डबा टांगणाऱ्या दहांपैकी किती जण माश्या मोजतात? बहुतेक जण डबा ओततात आणि परत टांगतात.

हाच वास वापरून माशी पुरती नाहीशी केल्याची उदाहरणंही आहेत. प्रशांत महासागरातल्या रोटा बेटावर १९६० च्या दशकात मिथिल युजेनॉल आणि कीटकनाशक मुरवलेले तुकडे विमानातून टाकले गेले आणि तिथली ही माशी संपली. जपानने ओकिनावासह आपल्या दक्षिणेकडच्या बेटांवरून १९८६ पर्यंत तिचं उच्चाटन केलं. जपानी लोक आंब्याच्या बाबतीत इतके कडक का, याचं उत्तर त्यात आहे. वर्षानुवर्षं खपून जी माशी घालवली, ती पेटीतून परत कोण येऊ देईल? भारतीय आंब्याला जपानने दार उघडलं ते २००६ मध्ये, तेही बाष्पउष्णता प्रक्रियेच्या, म्हणजे गरम वाफेने फळातली कीड मारण्याच्या अटीवर.

रोटा बेट आहे. ओकिनावाही बेट आहे. कोकण ही सलग पट्टी आहे आणि तिच्यात आंब्याखेरीज पेरू, चिकू, पपई, बोर असं माशीला चालणारं फळ बारा महिने कुठे ना कुठे असतंच.

बागेतली माणसं

विद्यापीठाची फळमाशीवरची शिफारस एकट्या सापळ्याची कधीच नव्हती. पडलेली फळं रोजच्या रोज गोळा करून खोल पुरणं, हा तिचा अर्धा भाग. किडकं फळ गळतं, अळी मातीत जाते. फळ त्याच दिवशी उचललं तर पुढची पिढी तिथेच थांबते. वरवर पुरून चालत नाही, कारण थोड्या मातीखालून माशी सहज वर येते. खड्डा खोल हवा, दोन फूट तरी.

आता रत्नागिरी-देवगडच्या सड्यावर दोन फूट खड्डा मारून पाहा. जांभा कातळ फोडून, माती भरून लावलेल्या कलमांच्या बागा आहेत त्या. दोन झाडांच्या मधल्या जागेत पहार आपटली तर ठिणगी उडते. पुस्तिका लिहिणाऱ्याला हे माहीत नसतं असं नाही. तो दापोलीचाच असतो. पण छापील शिफारशीत ‘कातळ असल्यास’ असं कलम सहसा नसतं, आणि बागायतदार पहिल्याच ओळीला अडला की पुढचं वाचत नाही. अशा जागी जाड प्लास्टिकच्या पिशवीत फळं भरून, तोंड घट्ट बांधून उन्हात टाकली तरी अळ्या मरतात. चांगला विषय विशेषज्ञ तो, जो बागेत उभा राहून पुस्तिका बाजूला ठेवतो आणि असा पर्याय काढून देतो.

पडलेलं फळ उचलणार कोण, हा दुसरा प्रश्न. कोकणातल्या पुष्कळ बागांचे मालक मुंबईत असतात. बाग खंडाने किंवा कराराने दिलेली असते. करार घेणारा हंगाम पाहतो. पुढच्या वर्षी ही बाग त्याच्याकडे असेलच असं नाही, तर पुढच्या वर्षीच्या माशीची काळजी त्याने का करावी? आणि प्रत्यक्ष बागेत राहतो तो बहुतेकदा नेपाळहून आलेला राखणदार. फवारणी, राखण, उतरवणी, निवड, सगळं त्याच्या हातून होतं. मेळाव्याला मात्र मालक येतो, नाही तर करारदार. पत्रक निघतं मराठीत. ज्याच्या हातात पडलेलं फळ येणार, त्याच्यापर्यंत एक शब्दही जात नाही. दापोलीतून निघालेला सल्ला शेवटच्या पन्नास पावलांवर थांबतो, आणि हे अंतर सापळ्यात सुधारणा करून भरून निघणारं नाही. हंगामाच्या सुरुवातीला राखणदारांनाच बागेत उभं करून, चित्रं दाखवून, हिंदी-नेपाळीत अर्धा तास सांगितलं तर शंभर पत्रकांपेक्षा जास्त काम होईल.

तिसरा प्रश्न पैशाचा, आणि मला तो सगळ्यांत मोठा वाटतो. मे महिन्याच्या उत्तरार्धात उरलेला आंबा कॅनिंगला, म्हणजे रस डबाबंद करणाऱ्या कारखान्यांना जातो. डझनावर विकला जाणारा हापूस तिथे किलोवर विकला जातो आणि भाव पार खाली येतो. त्या भावात मजूर लावून गळलेली फळं वेचायला कुणाला परवडतं? पण माशी वाढायचे दिवस नेमके तेच. हंगामाच्या शेपटाला बाग वाऱ्यावर सोडली जाते, झाडाखाली फळांचा सडा पडतो आणि पावसाच्या तोंडावर मातीतून माश्यांची नवी फळी निघते. शिवाय कोकणातला बहुतेक आंबा वाशीला, देशात आणि आखाती देशांत जातो. युरोपात जाणारा हिस्सा छोटा. ज्याचा आंबा युरोपाला जाणारच नाही, त्याने युरोपासाठी आपल्या बागेची साफसफाई का करावी? विस्तार तज्ज्ञाला याचं उत्तर द्यावं लागतं, आणि ‘देशाची प्रतिष्ठा’ हे उत्तर बागेत चालत नाही. चालेल ते उत्तर असं: तुमचाच मे महिन्यातला आंबा किडतो, कॅनिंगवालाही किडका आंबा बाजूला काढतो, आणि पिशवी घातलेल्या फळाला भाव बरा मिळतो.

पिशवीबद्दल थोडं. फळं लहान असताना वर्तमानपत्राच्या कागदाच्या पिशव्या घालण्याची शिफारस दापोलीचीच. माशी टोचू शकत नाही, फळ डागाळत नाही, रंग चांगला येतो. उंच जुन्या झाडांवर ते अवघड आहे. आटोपशीर वाढलेल्या कलमांवर सहज जमतं. आणि इथे एक गंमत आहे: पिशवीचा फायदा ज्याने घातली त्यालाच, त्याच हंगामात मिळतो. सापळ्याचा आणि साफसफाईचा फायदा मात्र शेजाऱ्यांत वाटला जातो. म्हणून पिशवी पसरायला फारसा प्रचार लागत नाही. सापळा एकेकट्याने लावून भागत नाही. गावाचा बंधारा जसा सगळ्यांनी मिळून घालायचा असतो, तसं ते काम आहे.

परसातला पेरू

युरोपबंदीच्या यादीत कारली आणि पडवळ होते, हे बहुतेकांच्या लक्षातून निसटलं. वेलवर्गीय भाज्यांवरची फळमाशी वेगळी. तिच्या नराला मिथिल युजेनॉलचा वास खेचत नाही. त्याला क्यू ल्यूर नावाचं दुसरं आमिष लागतं. आंब्याच्या सापळ्यातलं आमिष कारल्याच्या मांडवावर टांगलं तर डबा रिकामा राहतो आणि कारली वाकडी होऊन सडतात. मुंबई-पुण्यात गच्चीवर दुधी-दोडका लावणाऱ्यांची ‘सापळा चालत नाही’ ही तक्रार असते, तिच्यामागे पुष्कळदा एवढंच निघतं. दुकानदार ‘फळमाशीचा सापळा’ म्हणून हातात देतो तो आंबा-पेरूचा असतो. विकत घेताना कोणत्या पिकासाठी हवा ते सांगायचं आणि पाकिटावर आमिषाचं नाव वाचायचं, इतकं पुरे. वाकडं झालेलं, टोचलेलं कारलं वेलीवर ठेवू नये आणि तसंच कुंडीतल्या खतातही टाकू नये. त्यातल्या अळीला कोषासाठी अशी भुसभुशीत जागा फारच आवडते.

हौशी बागवाल्यांची गोष्ट इथे मुद्दाम आणतो आहे, कारण विद्यापीठाच्या कागदांवर त्यांना फारशी जागा नसते. शिफारस हेक्टरमध्ये बोलते आणि परसात पेरूची दोन झाडं असतात. पण माशीच्या वर्षभराच्या हिशेबात हा पेरू महत्त्वाचा. आंबा जूनमध्ये संपतो, त्यानंतर माशी जगते कुठे? पावसाळी बहाराच्या पेरूवर. तो गोडीला कमी, बहुतेकदा किडका, म्हणून कुणी नीट काढतही नाही. झाडावर पिकतो, खाली पडतो, सडतो. घराजवळचं रायवळ आंब्याचं झाड असंच. त्याची फळं कोण मोजतं? परसातली ही दोन-चार झाडं पुढच्या मार्चपर्यंत माशीला सांभाळतात आणि मग शेजारच्या दोनशे कलमांच्या बागेला तिचा उपद्रव होतो.

म्हणजे बागायतदाराचा आंबा वाचवायचा तर शेजारच्या काकूंच्या पेरूशी बोलणी करावी लागतात. आणि काकूंशी बोलायला बागायतदार जाऊ शकत नाही, भांडण होईल. तिथे तिसरा माणूस लागतो, ज्याला दोघंही ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणतात. कृषीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा ‘रावे’, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव, हा कार्यक्रम पावसाळ्यातच असतो. मुलं गावात राहतात, घरोघर जातात. कलम बांधायची, जिवामृताची प्रात्यक्षिकं त्यांच्याकडून होतातच. परसातल्या पावसाळी पेरूची साफसफाई हे काम त्यांच्यासाठी अगदी बेताचं आहे.

हवाईतला तंबू

हे सगळं स्वप्नरंजन वाटू नये म्हणून एक प्रत्यक्षातलं उदाहरण. अमेरिकेच्या हवाई राज्यात ही फळमाशी १९४५ च्या सुमारास शिरली आणि तिथेच राहिली. अर्धशतकानंतर तिथे अमेरिकी कृषी संशोधन खातं, राज्याचा कृषी विभाग आणि हवाई विद्यापीठाचा विस्तार विभाग यांनी मिळून क्षेत्रव्यापी फळमाशी नियंत्रणाचा कार्यक्रम हाती घेतला. तो बागेबागेने आखला नाही, भागाभागाने आखला. त्या भागातला शेतकरी आणि परसात दोन झाडं असलेला रहिवासी, दोघंही त्यात धरलेले.

त्यांची एक युक्ती मला फार आवडते. पडलेली फळं टाकण्यासाठी त्यांनी बारीक जाळीचा छोटा तंबू वापरला. किडकी फळं आत टाकायची आणि तोंड बंद करायचं. आतल्या अळ्यांच्या माश्या होतात, पण जाळीतून बाहेर पडू शकत नाहीत. फळमाशीच्या पिल्लांवर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्या मात्र त्याच जाळीतून सुटतात आणि बागेत परत जातात. खड्डा नको, औषध नको, शत्रू अडकतो आणि मित्र सुटतो. कातळावरच्या बागांना याहून सोयीचं काय असणार? जाळीच्या छिद्राचं माप इथल्या मित्रकीटकांना धरून ठरवावं लागेल, आणि त्यासाठी दापोलीत, वेंगुर्ल्यात, रामेश्वरच्या आंबा उपकेंद्रात चाचणी घ्यायला माणसं आणि बागा दोन्ही आहेत.

बंदी कशी उठली

बंदी उठली ती मात्र बागेतल्या सुधारणेमुळे नव्हे. भारताने युरोपाकडे जाणारा माल मान्यताप्राप्त पॅकहाउसमधून (निर्यातीचा माल निवडून भरण्याच्या केंद्रातून), वनस्पती तपासनिसांच्या नजरेखालूनच जाईल अशी सक्ती केली. आंब्याला उष्णजल किंवा बाष्पउष्णता प्रक्रिया आली. उष्णजल म्हणजे ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटं. फळात अंडी असली तरी ती मरतात. सप्टेंबर २०१४ मध्ये युरोपीय तपासणी पथक येऊन गेलं, त्याने यंत्रणा बरीच सुधारल्याचं सांगितलं आणि २० जानेवारी २०१५ रोजी आंब्यावरची बंदी मुदतीच्या आधीच उठवायचं ठरलं. भाज्यांवरची तेव्हा उठली नाही. पुढे निर्यातीच्या बागांची नोंदणी ‘मँगोनेट’ या ऑनलाइन यंत्रणेवर होऊ लागली.

निर्यातदाराच्या दृष्टीने प्रश्न तिथे संपला. विस्तार तज्ज्ञाच्या दृष्टीने त्याला नवं काम लागलं. तासभर ४८ अंशाच्या पाण्यात बसायचं तर फळ नीट तयार हवं. कोवळं उतरवलेलं फळ या प्रक्रियेत मार खातं. साल भाजते, नीट पिकत नाही. मग ‘चौदा आणे’ म्हणजे नेमकं काय, देठाजवळचा खळगा आणि खांदे कसे दिसले की उतरवायचं, देठासह फळ उतरवायला दापोलीचाच ‘नूतन झेला’ कसा वापरायचा, हे पुन्हा पहिल्यापासून शिकवणं आलं. गरम पाण्याने अळी मरते, चुकीची काढणी सुधारत नाही.

आणि वाशीच्या प्रक्रिया केंद्रात अंडी मरतात म्हटल्यावर बागेतल्या माशीकडे पाहायला कुणाला सवड राहिली नाही. युरोपाचा आंबा वाचला; वाशीच्या बाजारातला, कॅनिंगचा आणि आपण घरी कापून खातो तो आंबा जसा होता तसाच राहिला. म्हणून या प्रकरणात यश नेमकं कशाचं मोजायचं यावर माझं आणि निर्यातवाल्यांचं जमत नाही. ते खेपा मोजतात. मी विचारेन ते असं: एखाद्या वाडीतल्या सगळ्या बागा आणि सगळी परसं मिळून जून-जुलैतही डबे टांगले जातात का, त्यांतल्या माश्या कुणी वहीत लिहितं का, आणि ती वही पुढच्या फेब्रुवारीत विषय विशेषज्ञाच्या टेबलावर येते का. हेक्टरी चार डब्यांची शिफारस तशीच ठेवून, ‘वाडीसाठी’ अशी दुसरी शिफारस जॉइंट अॅग्रेस्कोपुढे न्यायला हरकत कसली आहे? तिच्यात डबे किती, फळं कोण वेचणार, राखणदाराला कोण सांगणार आणि काकूंच्या पेरूचं काय, एवढं लिहिलेलं असलं की झालं.